मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा इतिहास: नव्या वाचकाने कुठून सुरुवात करावी आणि कुठे सावध राहावं

मॉन्ट्रियल कॅनेडियन्स हा कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या मॉन्ट्रियल शहराचा आइस हॉकी संघ ४ डिसेंबर १९०९ रोजी स्थापन झाला. तो ज्या लीगमध्ये खेळतो ती एनएचएल (नॅशनल हॉकी लीग) सुरू झाली २६ नोव्हेंबर १९१७ रोजी. म्हणजे संघ लीगपेक्षा आठ वर्षांनी थोरला आहे, आणि नवख्यांच्या निम्म्या गोंधळाचं मूळ इथेच आहे. संघाचे स्टॅन्ली कप, म्हणजे विजेतेपदाचे कप, कोणी २४ सांगतो, कोणी २३. दोघंही बरोबर असतात. पहिला कप १९१६ साली, एनएचएलच्या आधीच्या एनएचए लीगमध्ये असताना मिळाला. उरलेले २३ एनएचएलमधले.

मॉन्ट्रियलला शिकायला किंवा नोकरीला आलेल्यांना, किंवा भारतात बसून एनएचएल बघू लागलेल्यांना, हा इतिहास एकदम गिळायला गेलं तर जड जातो. नावं फ्रेंच, आकडे शंभर वर्षांत पसरलेले आणि प्रत्येक चाहत्याचा क्रम निराळा. खालचा क्रम पाळला तर चार-पाच निवांत संध्याकाळी पुरतात.

पायरी १: आधी मोजपट्टी तयार करा

खेळाडूंची नावं वाचण्याआधी वहीत एक छोटा तक्ता करा. हंगाम किती सामन्यांचा आणि लीगमध्ये संघ किती, एवढेच दोन रकाने. १९४४-४५ मध्ये ५० सामने आणि ६ संघ. १९४९-५० पासून ७० सामने. १९६७-६८ मध्ये एका झटक्यात ६ चे १२ संघ झाले. १९७४-७५ पासून ८० सामने. १९९२-९३ मध्ये ८४ सामने आणि २४ संघ. १९९५-९६ पासून ८२ सामने. आज संघ ३२ आहेत. २००४-०५ चा हंगाम झालाच नाही, तेव्हा त्या ओळीवर काट मारा.

हा तक्ता जवळ नसला तर काय होतं? कोणीतरी सांगतं की मोरिस रिशारने एका हंगामात ५० गोल केले, आणि आपल्याला वाटतं, त्यात काय मोठं, आजही दोन-चार जण करतात. पण रिशारने ते १९४४-४५ मध्ये ५० सामन्यांत केले, आणि तोवर एनएचएलमध्ये ५० चा आकडा कोणी गाठलेला नव्हता. दुसरी बाजूही लिहून ठेवावी: तेव्हा युद्ध चालू होतं, बरेच चांगले खेळाडू सैन्यात होते, आणि हे त्याला त्या काळीही ऐकवलं गेलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आकडा वाचताना आणखी तीन गोष्टी तपासायच्या.

पहिली, तो साखळी सामन्यांचा आहे की प्लेऑफचा, म्हणजे साखळीनंतर कपसाठी होणाऱ्या बाद फेऱ्यांचा. हॉकीत ही दोन खाती वेगळी ठेवतात. रिशारचे ५४४ गोल साखळीतले, प्लेऑफचे ८२ वेगळे. कुठे ६२६ दिसले तर कोणीतरी बेरीज केली आहे.

दुसरी, तो कॅनेडियन्ससाठीचा आहे की पूर्ण कारकिर्दीचा. गी लाफ्लरचे कॅनेडियन्ससाठी ५१८ गोल, एकूण ५६०. निवृत्तीनंतर तो परत आला आणि न्यूयॉर्क रेंजर्स व क्वेबेक नॉर्डिक्सकडून खेळला, म्हणून हा फरक. गोलरक्षक पात्रिक रुआचे मॉन्ट्रियलसाठी २८९ विजय, एकूण ५५१. संघाचा विक्रम विचारला असताना एकूण आकडा सांगून लोक इथेच सर्वाधिक चुकतात.

तिसरी, विजय-पराजयाच्या नोंदीतला शेवटचा आकडा. १९७६-७७ च्या संघाची नोंद ६०-८-१२ अशी आहे. इथे १२ म्हणजे बरोबरीत सुटलेले सामने. आजच्या नोंदीत त्याच जागी ओव्हरटाइम (जादा वेळ) किंवा शूटआउट (एकेक फटक्याने निकाल) यांतले पराभव असतात, कारण २००५-०६ पासून बरोबरी बंद झाली. त्या ६०-८-१२ चे १३२ गुण (विजयाला दोन, शेवटच्या आकड्यातल्या सामन्याला एक) हा विक्रम २०२२-२३ मध्ये बोस्टन ब्रुइन्सने १३५ गुण करून मोडला, पण त्यांची नोंद ६५-१२-५ होती. पराभव मोजले तर ८ विरुद्ध १७. कोणता संघ भारी, याचा वाद मॉन्ट्रियलमध्ये उकरून काढायचा असेल तर वेळ हाताशी ठेवून काढा.

पायरी २: २४ वर्षं पाठ करू नका, झुपके लक्षात ठेवा

सुटे कप: १९१६, १९२४, १९३०, १९३१, १९४४, १९४६, १९५३. मग पहिला मोठा झुपका, १९५६ ते १९६० सलग पाच. दुसरा, १९६५, १९६६, १९६८, १९६९. मधले दोन, १९७१ आणि १९७३. तिसरा, १९७६ ते १९७९ सलग चार. आणि शेवटचे दोन, १९८६ व १९९३.

सलग पाच कप याआधी किंवा यानंतर कोणालाही जमलेले नाहीत. त्या पाचही वेळा संघात असलेले खेळाडू १२ होते आणि कोच एकच, टो ब्लेक. १९६० मध्ये तर त्यांनी प्लेऑफचे आठही सामने सलग जिंकले. इथे पुन्हा मोजपट्टी काढा: तेव्हा कपसाठी दोन फेऱ्या, म्हणजे ८ विजय पुरत. आज चार फेऱ्या आणि १६ विजय लागतात. ब्लेकच्या नावावर कोच म्हणून एकूण ८ कप आहेत, सत्तरच्या दशकातल्या स्कॉटी बोमनच्या नावावर मॉन्ट्रियलमध्ये ५.

१९१९ हे साल वहीत वेगळं लिहा. सिएटल मेट्रोपॉलिटन्सविरुद्धची अंतिम मालिका इन्फ्लुएन्झाच्या साथीमुळे अर्धवट थांबली, तेव्हा दोन्ही संघांचे दोन-दोन विजय झाले होते आणि एक सामना बरोबरीत होता. कॅनेडियन्सचा बचावपटू जो हॉल त्या तापाने सिएटलमध्येच गेला. त्या वर्षी कप कोणालाच मिळाला नाही.

पायरी ३: निवृत्त क्रमांकांवरून माणसं ओळखा

बेल सेंटर या संघाच्या आजच्या मैदानाच्या छताला निवृत्त केलेले १५ जर्सी क्रमांक टांगलेले आहेत, आणि खेळाडू आहेत १८. कारण तीन क्रमांकांवर दोन-दोन नावं आहेत: ५ वर बर्नी जोफ्रियों आणि गी लापॉइंत, १२ वर डिकी मूर आणि इव्हान कूर्नुआये, १६ वर आँरी रिशार आणि एल्मर लाक. 'पाच नंबर' एवढंच ऐकून अंदाज बांधू नका. पन्नाशीचं दशक चाललंय की सत्तरीचं, ते आधी विचारा.

अठराही जणांना एकदम भेटायची गरज नाही. खालच्या माणसांपासून सुरुवात करा.

७, हॉवी मोरेन्झ. वीस आणि तीसच्या दशकातला सर्वांत वेगवान सेंटर (मधला आक्रमक खेळाडू). २८ जानेवारी १९३७ रोजी सामन्यात पाय मोडला आणि ८ मार्चला रुग्णालयात मृत्यू. अंत्यविधी फोरम या संघाच्या तेव्हाच्या मैदानावरच झाला. या संघाने निवृत्त केलेला पहिला क्रमांक त्याचा.

९, मोरिस 'रॉकेट' रिशार. एनएचएलमध्ये ५०० गोल करणारा पहिला, १९ ऑक्टोबर १९५७. गोलांमध्ये संघाचा विक्रम अजून त्याचाच. पण सर्वाधिक गुणांचा (गोल आणि गोलाचे पास मिळून) आर्ट रॉस चषक त्याला कधीच मिळाला नाही, आणि १९५५ साली तो का हुकला हे पुढे येईल.

४, झाँ बेलिवो. खेळाडू म्हणून १० कप, १९६१ ते १९७१ कर्णधार, आणि प्लेऑफच्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ चषक सुरू झाला तेव्हा १९६५ मध्ये पहिला मानकरी. पण त्याची एक गोष्ट आज प्रत्येक सामन्यात दिसते. ५ नोव्हेंबर १९५५ रोजी बोस्टनविरुद्ध पॉवर प्ले (शिक्षेमुळे समोरच्यांचे खेळाडू कमी असण्याचा वेळ) चालू असताना त्याने ४४ सेकंदांत तीन गोल केले. तेव्हा दोन मिनिटांची शिक्षा झालेला खेळाडू पूर्ण दोन मिनिटं बाहेरच बसायचा, समोरच्यांनी कितीही गोल केले तरी. पुढच्या हंगामापासून नियम बदलला: गोल झाला की किरकोळ शिक्षा संपते. एकटा बेलिवोच नव्हे, त्या वर्षांतला अख्खा मॉन्ट्रियलचा पॉवर प्ले याला कारण होता.

१६, आँरी रिशार. मोरिसचा धाकटा भाऊ, ११ कप. खेळाडू म्हणून याहून जास्त कोणाचेच नाहीत. १९७१ च्या अंतिम फेरीत कोच अल मॅकनीलवर त्याने उघड टीका केली, आणि मग शिकागोविरुद्धच्या सातव्या सामन्यात बरोबरीचा आणि विजयाचा असे दोन्ही गोल स्वतःच केले.

१, झाक प्लांत, गोलरक्षक. १ नोव्हेंबर १९५९, न्यूयॉर्क. अँडी बाथगेटचा फटका तोंडावर बसून नाकाजवळ फाटलं. टाके घालून तो परत आला तो मास्क लावूनच. सरावात तो आधीपासून मास्क वापरत होता, सामन्यात ब्लेकला ते नको होतं. पण त्या काळी संघ दुसरा तयार गोलरक्षक बाकावर बसवत नसत, त्यामुळे ब्लेकपुढे इलाज नव्हता. मॉन्ट्रियल ३-१ ने जिंकलं. इथे एक सापळा आहे: मास्क लावणारा प्लांत पहिला नव्हे. मॉन्ट्रियलच्याच मरून्स संघाच्या क्लिंट बेनेडिक्टने १९३० मध्ये काही काळ लावला होता. प्लांतने तो कायमचा केला.

१०, गी लाफ्लर. सलग सहा हंगाम ५० किंवा जास्त गोल, १९७४-७५ ते १९७९-८०. कॅनेडियन्ससाठी ९६१ सामन्यांत १,२४६ गुण हा संघाचा विक्रम. दुसरा बेलिवो, ११२५ सामन्यांत १,२१९. (हॉकीत गोलालाही एक गुण आणि गोलासाठी दिलेल्या पासलाही एक, गुण म्हणजे दोन्हींची बेरीज.)

२९, केन ड्रायडन. १९७१ मध्ये साखळीतले फक्त सहा सामने खेळून थेट प्लेऑफमध्ये उभा राहिला, पहिल्याच फेरीत गतविजेत्या बोस्टनला घरी पाठवलं आणि कॉन स्माइथ घेऊन गेला. सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर चषक त्याला त्यानंतरच्या वर्षी मिळाला. क्रम उलटा वाटतो, पण छापण्यातली चूक नाही: नवोदित ठरायला लागणारा पुरेसा साखळी हंगाम त्याने १९७१-७२ मध्येच खेळला. १९७३-७४ हे अख्खं वर्ष तो कायद्याच्या उमेदवारीसाठी टोरंटोला गेला होता. म्हणूनच १९७३ आणि १९७६ च्या कपांच्या मध्ये त्याच्या आकड्यांत खाडा दिसतो. साखळीतल्या ३९७ सामन्यांत त्याचे पराभव फक्त ५७.

३३, पात्रिक रुआ. १९८६ मध्ये विसाव्या वर्षी कॉन स्माइथ, १९९३ मध्ये पुन्हा. गुडघे बर्फावर टेकून खालची बाजू झाकायची त्याची बटरफ्लाय पद्धत नंतर क्वेबेकमधल्या सगळ्या पोरांनी उचलली.

बचावपटूंमध्ये २, डग हार्वी (सात वेळा सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस चषक) आणि सत्तरीतले तिघे: रॉबिन्सन १९, सावार १८, लापॉइंत ५. २३ क्रमांकाचा बॉब गेनी फारसे गोल करायचा नाही. समोरच्याचा उत्तम खेळाडू निष्प्रभ करणं हे त्याचं काम, आणि त्यासाठीचा सेल्की चषक सुरू झाल्यावर पहिली चारही वर्षं त्यालाच मिळाला.

पायरी ४: चषकांच्या नावांचा सापळा

गोलरक्षकांच्या वेझिना चषकापाशी जवळजवळ प्रत्येक नवा वाचक अडखळतो. झॉर्झ वेझिना हा कॅनेडियन्सचाच गोलरक्षक. नोव्हेंबर १९२५ मध्ये सामना अर्धवट सोडून गेला आणि मार्च १९२६ मध्ये क्षयाने वारला. संघमालकांनी त्याच्या नावाने चषक दिला. १९८०-८१ पर्यंत तो ज्या संघावर सर्वांत कमी गोल झाले त्याच्या गोलरक्षकाला आपोआप मिळे. १९८१-८२ पासून जनरल मॅनेजर मतदान करतात, आणि जुन्या निकषाला जेनिंग्ज चषक असं वेगळं नाव मिळालं. त्यामुळे प्लांतचे सात, बिल डर्ननचे सहा आणि रुआचे तीन वेझिना एकाच ओळीत मांडून तुलना करू नका. पहिल्या दोघांत बचावफळीचाही वाटा मोजलेला आहे.

रिशारच्या नावाचा चषक सर्वाधिक गोलांसाठी आहे आणि १९९८-९९ मध्ये सुरू झाला. त्याने स्वतः तो जिंकला का, असा प्रश्न कोणी टाकला तर तो गंमत करतोय असं समजा.

पायरी ५: चार रात्री नीट समजून घ्या

*१७ मार्च १९५५.* चार दिवस आधी बोस्टनमध्ये हाल लेकोच्या स्टिकने रिशारच्या डोक्याला जखम झाली. त्याने लेकोवर स्टिक चालवली आणि अडवणाऱ्या लाइन्समनलाही ठोसे मारले. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी त्याला उरलेले तीन साखळी सामने आणि पूर्ण प्लेऑफमधून बाहेर काढलं. १७ तारखेला कॅम्पबेल स्वतः फोरममध्ये येऊन बसले. आधी भाज्या-अंडी, मग अश्रुधुराची नळकांडी. डेट्रॉइट ४-१ ने पुढे असताना सामना त्यांना बहाल केला गेला आणि दंगल सेंट-कॅथरिन रस्त्यावर उतरली. त्या वेळी गुणांच्या यादीत रिशार ७४ वर पहिला होता. उरलेल्या सामन्यांत त्याचाच सहकारी जोफ्रियों ७५ वर गेला, आणि घरच्या प्रेक्षकांनी त्याचीच हुर्यो उडवली. ही फ्रेंच भाषकांची इंग्रजी वरचष्म्याविरुद्धची पहिली ठिणगी होती, असं पुष्कळ जण मांडतात. शिक्षा देण्याजोगी चूक घडली होती हेही त्याच दमात सांगावं लागतं, आणि मॉन्ट्रियलमध्ये सांगायचं तर जरा बेतानेच.

*१० मे १९७९.* बोस्टनविरुद्ध सातवा सामना. बोस्टन ४-३ ने पुढे, अडीच मिनिटं उरलेली, आणि त्यांचा एक खेळाडू बर्फावर जास्त उतरल्याची शिक्षा. लाफ्लरने १ मिनिट १४ सेकंद शिल्लक असताना बरोबरी केली, ओव्हरटाइममध्ये इव्हों लाम्बेरने संपवलं. ही उपांत्य फेरी होती. इतकी गाजली की लोक तिलाच अंतिम समजतात. अंतिम मालिका रेंजर्सशी झाली आणि ती सहज सुटली.

*३ जून १९९३.* लॉस एंजेलिस किंग्जविरुद्ध अंतिम मालिकेचा दुसरा सामना. पहिला हरलेला, दुसऱ्यात २-१ ने मागे, १ मिनिट ४५ सेकंद बाकी. कोच झाक डेमेर्स यांनी पंचांना मार्टी मक्सॉर्लीची स्टिक मोजायला सांगितली. पात्याचा बाक मर्यादेपेक्षा जास्त निघाला, दोन मिनिटांची शिक्षा झाली. डेमेर्सनी रुआलाही बाहेर घेऊन सहावा खेळाडू उतरवला. एरिक देझार्दँने बरोबरी साधली आणि ओव्हरटाइमच्या ५१ व्या सेकंदाला त्यानेच सामना जिंकून दिला. बचावपटूने अंतिम मालिकेच्या एका सामन्यात तीन गोल करण्याची ती पहिली वेळ. त्या प्लेऑफमध्ये संघाने पहिला ओव्हरटाइम गमावला आणि पुढचे सलग दहा जिंकले. २४ वा कप ९ जूनला हाती आला.

*२ डिसेंबर १९९५.* डेट्रॉइटकडून घरच्या मैदानावर ११-१. कोच मारिओ त्रांब्ले यांनी रुआला नऊ गोल होईपर्यंत बदललं नाही. बाहेर आल्यावर रुआने बाकामागे बसलेले अध्यक्ष रोनाल्ड कोरी यांना हा माझा इथला शेवटचा सामना, असं सांगितलं. चार दिवसांनी कर्णधार माइक कीनसह तो कोलोरॅडोला गेला, आणि त्याच हंगामाच्या शेवटी कोलोरॅडोने कप जिंकला. १९९३ नंतर काय बिघडलं असं विचारलं की जुने चाहते याच रात्रीकडे बोट दाखवतात.

पायरी ६: तीन समज खोडून टाका

बोधचिन्हातला सी-एच म्हणजे 'क्लब द हॉकी कानादियँ'. एच म्हणजे हॉकी. 'हॅब्ज' हे टोपणनाव 'आबितां' या जुन्या फ्रेंच वसाहतकऱ्यांच्या नावावरून आलं खरं, पण चिन्हाशी त्याचा संबंध नाही.

क्वेबेकचे सगळे चांगले फ्रेंच खेळाडू या संघाला हक्काने मिळत, म्हणून इतके कप आले, हेही अर्धसत्य. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांत, तसा विशेष हक्क १९६३ ते १९६९ दरम्यान होता आणि तोही वर्षाला दोनच खेळाडूंपुरता. लाफ्लर त्या हक्काने आलेला नाही. जनरल मॅनेजर सॅम पोलॉकने कॅलिफोर्नियाच्या संघाची १९७१ ची पहिल्या फेरीतली निवड आधीच सौदा करून घेऊन ठेवली होती, तो संघ तळाला राहिला आणि पहिला क्रमांक मॉन्ट्रियलच्या पदरात पडला.

तिसरा समज: १९९३ नंतर फक्त मॉन्ट्रियलच कोरडं. २०२५ पर्यंत कॅनडातल्या एकाही संघाला त्यानंतर कप मिळालेला नाही.

पायरी ७: प्रत्यक्ष कुठे बघायचं

मॉन्ट्रियलमध्ये अॅटवॉटर मेट्रो स्थानकापाशी फोरमची इमारत आहे. १९२६ ते १९९६ हे संघाचं घरचं मैदान होतं. आता आत दुकानं-थिएटर आहेत. बेल सेंटरला ल्यूसिएँ-लालिए किंवा बोनाव्हेंचर स्थानक सोयीचं. जवळच मोरेन्झ, रिशार, बेलिवो आणि लाफ्लर यांचे पुतळे आहेत.

टोरंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये कप बघायला जाल तेव्हा एक गोष्ट आधी माहीत हवी: १९५६ ते १९६० च्या संघांची नावं कपावर सापडणार नाहीत. कपाच्या खालच्या भागावर पाच रुंद पट्ट्या असतात. त्या भरल्या की सर्वांत जुनी काढून तिथेच जपून ठेवतात. १९५४ ते १९६५ ची पट्टी २०१८ मध्ये निघाली, आणि तिच्याबरोबर रॉकेटचं नावही. सध्याच्या वरच्या रुंद पट्टीवर १९६६ ते १९७८ हे १३ हंगाम आहेत, त्यातले ८ मॉन्ट्रियलचे. फोटो काढायचा तर तिथलाच काढा.

पायरी ८: १९९३ नंतरचं थोडक्यात

सकू कोइवू कर्करोगावर उपचार घेऊन ९ एप्रिल २००२ ला परतला, ते आधी वाचा. मग गोलरक्षक केरी प्राइस: ३६१ विजय, म्हणजे प्लांत आणि रुआ दोघांच्याही पुढे, २०१४-१५ मध्ये ४४ विजय आणि हार्ट (लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू) व वेझिना दोन्ही. २०२१ मध्ये त्याच्या जोरावर संघ अंतिम फेरीत पोचला, टाम्पा बेकडून १-४ हरला. निक सुझुकी २०२२ पासून कर्णधार आहे, कोच मार्तँ सँ-लुई, आणि बचावपटू लेन हट्सनने २०२४-२५ चा काल्डर ६६ गुणांसह जिंकला. यांचे आकडे वहीत पेन्सिलीने लिहा, दर एप्रिलमध्ये खोडावे लागतील.